सहाव्या घरातलं बटण

पत्रात तीनच ओळी होत्या, आणि त्यातल्या दोन सरळमार्गी होत्या. मुलाखत सोमवारी अकरा वाजता. खेळ बनवायला शिकवणाऱ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी स्वतः केलेला एक खेळ सोबत आणावा. तिसरी ओळ मात्र पाय आडवा घालून उभी होती : परीक्षक तो खेळ पाच मिनिटं खेळतील, तेवढ्या वेळात उमेदवारानं एक शब्दही बोलायचा नाही. मोबाइलवर ती ओळ वाचली तेव्हा उमेदवार, म्हणजे ती, चार नंबरच्या खोलीत, कुणाच्याच नसलेल्या पलंगावर बसून, कुणीच न झोपलेल्या उशा थोपटत होती. फर्निचरच्या त्या शोरूममध्ये अशा अठरा खोल्या होत्या, प्रत्येकीला तीन भिंती. चौथ्या भिंतीच्या जागी गिऱ्हाईक. टीव्ही पुठ्ठ्याचा, पुस्तकांचे नुसते कणे, खिडकीबाहेर छापलेलं झाड, परडीत मेणाची सफरचंदं, आणि त्यातल्या एकावर कुणाचे तरी दात उमटलेले. या खोल्या मांडायचं काम तिचं. आत्ताच कुणीतरी उठून गेलंय असं वाटलं पाहिजे, पण कोण ते कळता कामा नये, असा साहेबांचा हुकूम होता, आणि ती तो इमानानं पाळायची. "हा पलंगाखालचा ड्रॉवर पूर्ण उघडतो का हो?" एका जोडप्यानं विचारलं. एरवी तिनं त्यांना त्या ड्रॉवरचं कुळ, मूळ आणि तीन पिढ्या सांगितल्या असत्या. आज ती नुसती बघत राहिली. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, ड्रॉवर स्वतःच ओढला, तो पूर्ण उघडला, आणि त्यांनी पलंग घेतला.

हा न बोलण्याचा नियम गेल्या वर्षी नव्हता. तो आपल्यामुळेच झाला असावा असा तिला दाट संशय होता. गेल्या वर्षी परीक्षकांपैकी एका टकल्या गृहस्थांनी माउसवर हात ठेवला आणि तिनं तोंड उघडलं, ते पाच मिनिटं संपल्याची घंटा वाजली तेव्हाच मिटलं. इथून डावीकडे जा, नाही, तसं नाही, आता एक गंमत होणार आहे, झाली, बघितलीत? गृहस्थांचा हात माउसवर तसाच राहिला होता, परक्याच्या घरी फुलदाणीवर ठेवावा तसा. नंतर नकाराचं पत्र आलं : उमेदवार उत्तम बोलतात, खेळ खेळता आला नाही. अभ्यासक्रमाला वयाची अट सव्विसाच्या आत, आणि ती पंचवीस पुरी करून सव्विसाच्या उंबरठ्यावर उभी होती. म्हणजे हा सोमवार शेवटचा. त्यानंतर जन्मभर अठरा खोल्या, तीन भिंती आणि मेणाची सफरचंदं. बोलणं तिच्या अंगातच होतं. घरी बाबा तिला रेडिओ म्हणायचे. ती झोपेतही बोलायची, आणि आई म्हणायची की झोपेत निदान ती समोरच्याचं ऐकून घेते.

खेळ साधा होता. तुम्ही अंधाऱ्या खोलीत उभे असता आणि दिव्याचं बटण शोधायचं असतं. पडदा काळा. माउस म्हणजे तुमचा हात. हात भिंतीवरून फिरतो तसा आवाज बदलतो : चुना खरखरतो, लाकूड पोकळ वाजतं, कॅलेंडर सळसळतं, कोपऱ्यात कोट टांगलेला असेल तर आवाज मऊ होऊन मधेच थांबतो आणि तुम्हाला वाटतं, इथे कुणी आहे. एका खोलीत खरंच कुणीतरी होतं. हात लागला की ते "अगं, मी आहे" म्हणायचं आणि बाजूला सरकायचं. बटण सापडलं की दिवा लागतो, खोली क्षणभर दिसते, डोळे तिला सरावतात न सरावतात तोच पुढच्या खोलीचा अंधार. अशा सात खोल्या, कारण तिच्या लहानपणाची सात घरं. बाबा वजनमापं तपासणारे निरीक्षक. दुकानदारांचे तराजू खोटे आहेत का ते बघायचे, आणि ते इतकं मनापासून बघायचे की प्रत्येक गावच्या दुकानदारांना वर्षा-दीड वर्षात त्यांची बदली व्हावीशी वाटायची. ती व्हायची. दर वेळी नव्या घरात ते पोचायचे संध्याकाळी, सामान अंगणात, दिवे बंद, आणि तिघांचे सहा हात भिंती चाचपत निघायचे. तिला त्या घरांचे चेहरे आठवत नव्हते. आठवत होता तो तळहाताला लागलेला गारवा, रंगाचे पोपडे, एखादा खिळा, आणि अंधारात बाबांचं "सापडलं का? नाही? मग हे काय आहे?" दुसऱ्या दिवशी बाबा टेप काढून सगळं घर मोजायचे आणि वहीत लिहायचे. बटणसुद्धा : चौकटीपासून इतकं, जमिनीपासून इतकं. ती वही अजून कपाटात होती. त्या वहीवरून तिनं सातही खोल्या बांधल्या, बटणं मापानुसार लावली, आणि कित्येकदा शोरूमच्या खोटारड्या भिंतीवर चिकटवलेलं बटण पुसताना तिचा तळहात दचकून मागे यायचा, जणू दिवा लागेल आणि आपण तिसऱ्या घरात असू, आणि बाबा तरुण असतील, आणि त्यांच्या खिशात टेप.

बाबांनी मुलाखतीची तयारी स्वतःच्या हातात घेतली. निवृत्त झाल्यापासून त्यांना तपासायला काही उरलं नव्हतं. भाजीवाले त्यांना बघून तराजू झाकत. त्यांनी जेवणाचं टेबल रिकामं केलं, चष्मा लावला, तिला दाराबाहेर उभं केलं आणि "पुढचे!" अशी हाक दिली. ती आत येऊन बसली.

"नाव?"

"बाबा, तुम्हीच ठेवलंय."

"बाबा कोण? मी परीक्षक आहे. बरं, नाव राहू दे. या खेळाचा उपयोग काय?"

"उपयोग असा नाही काही."

"हरायचं कसं?"

"हरता येत नाही."

"वजन?"

"एकशेचाळीस एमबी."

"मग हरकत नाही," बाबा सुटल्यासारखे म्हणाले. "वजन आहे म्हणजे वस्तू आहे."

"ते असलं काही विचारत नाहीत हो. ते खेळणार आणि मी गप्प बसणार."

"गप्प? तू?" बाबांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे तराजूच्या काट्याकडे बघावं तसं पाहिलं. "रेडिओ, दुसरा एखादा अभ्यासक्रम बघू या का आपण?"

गप्प बसण्याची तालीम शोरूममध्येच घ्यावी लागली. पडद्यांच्या विभागात एक पडदेवाली होती, चाळिशीची, तोंडात कायम दोन पिना. जेवणाच्या सुट्टीत ती सहा नंबरच्या सोफ्यावर लॅपटॉप मांडीवर घेऊन खेळायची, आणि शेजारी बसलेल्या हिच्या तोंडून शब्द निघाला की पडद्याचा एक चिमटा हिच्या कॉलरला लावायची. पहिल्या दिवशी एकोणीस चिमटे झाले. त्यातले अकरा एका वाक्याचे. दुसऱ्या दिवशी तिनं ओठ दाबून धरले तर पडदेवालीनं नुसत्या हुंकाराला अर्धा चिमटा लावला, म्हणजे लावला पूर्णच, पण तिरका. "आता बटण डोळ्यांनी दाखवलंस," ती पिनांमधून म्हणायची. "आणि आता मानेनं. बाई, तुझी मानसुद्धा बडबडी आहे." गप्प बसल्यावर एक विचित्र गोष्ट व्हायची. आतले शब्द थांबायचे नाहीत, ते नुसते पाण्याखाली गेल्यासारखे लांबून ऐकू यायचे, आणि त्यांच्यामधून दुसऱ्याचा हात दिसायला लागायचा. पडदेवालीचा हात भिंतीवर कधीच सरळ जात नसे. ती आधी खिडकी शोधायची, तिची रुंदी अजमावायची, मग बटण. तिसऱ्या खोलीत ती इतकी रमायची की सुट्टी संपायची. चौथीच्या पुढे ती कधी गेलीच नाही. शुक्रवारी कॉलरला दोनच चिमटे होते, आणि ते काढायला विसरून ती तशीच घरी गेली. वाटेत कुणी काही म्हणालं नाही. कदाचित म्हणाले असतील. तिनं उत्तर दिलं नाही.

शनिवारी दुपारी आई म्हणाली, "मला दाखव की काय केलंयस ते." आई रफूचं काम करायची. लाँड्रीवाल्यांकडून जळके कोट, फाटके कोपरे यायचे, आणि आई ते असे भरून द्यायची की आपण फाडलं होतं हे फाडणाऱ्यालाही आठवू नये. डोळ्यांपेक्षा तिचा बोटांवर विश्वास जास्त. ती लॅपटॉपसमोर बसली, माउस मुठीत न धरता त्याच्यावर नुसती बोटं टेकवली, आणि पहिल्या घरातलं बटण तिला सात सेकंदांत सापडलं. दिवा लागला. "अगं बाई, हे तर तू झालीस ते घर," आई म्हणाली. ती गप्प. दुसरं घर, तिसरं, कोट टांगलेलं चौथं. आईचा हात भिंतीवरून कापडावरून जावा तसा चालला होता, उभा धागा, आडवा धागा, आणि स्पीकरमधून येणारा चुन्याचा आवाज तिच्या बोटांतूनच येतोय असं वाटत होतं. पाचव्या घरात आई थोडी रेंगाळली, मग दिवा लावला. सहावं घर. अंधार. भिंतीचा आवाज ओलसर.

"ओल होती ते ना हे?"

ती गप्प.

"बोलायचं नाही का तुला? बरं."

आईनं एक भिंत संपवली, दुसरी संपवली. चौकटीच्या दोन्ही बाजू पाहिल्या. खिडकीखाली पाहिलं. शेजारी बसलेल्या तिला आता कळलं की काहीतरी चुकलंय. स्वतः खेळून बघताना या खोलीतून ती नेहमी एका चोरकळीनं थेट सातवीत उडी मारायची, घाईघाईनं, का ते तिनं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. जिभेवर सगळं वाक्य तयार झालं, आई थांब, यात बिघाड आहे, दे इकडे. तिनं ते दातांमागे धरलं, आणि ते तिथं पाय आपटत राहिलं. "मिळत नाहीये गं," आई शांतपणे म्हणाली. तिचं दुसरं बोट खालच्या बाणाच्या कळीवर गेलं आणि तिथेच राहिलं. ती कळ वस्तूंच्या खाली वाकून बघायची होती. धरून ठेवली तर माणूस भिंतीला टेकून खाली बसतो हे तिलाच, खेळ बनवणारीला, ठाऊक नव्हतं. भिंतीचा आवाज थांबला. काळ्या पडद्यावर काही नव्हतं, पण आई बसली होती हे कळत होतं.

"तेव्हा मिळालं होतं मला," आई म्हणाली. "दाबलं नव्हतं." मग काळ्या पडद्याकडे बघत, शेजारच्या बाईला सांगावं तशी सांगू लागली. "पाचव्या घरी होतो ना, तिथल्या गिरणीत मला रफूखात्याची मुख्य केली होती. अकरा बायका हाताखाली. कोटावर बिल्ला. नवव्या दिवशी ह्यांची बदली. मला कोणी काही विचारलंच नाही, आणि मीही बोलले नाही, सामान बांधलं. ह्या घरी आलो तर तुम्ही दोघं स्वयंपाकघराच्या भिंती चाचपताय. हे पुढे, तू मागे, तुझी टकळी चालू. मी इथं एकटी. बटण बोटाखाली आलं. म्हटलं, लावते, जरा बसते. दिवा लावला की आपण इथं आलोच म्हणायचं. नाही लावला तोवर नाही आलो." किती वेळ बसलीस, असं तिच्या घशापर्यंत आलं. आईनं त्याचंही उत्तर दिलं. "एक बाही रफू होईल एवढा वेळ." आणि तिला ती संध्याकाळ दुसऱ्या बाजूनं दिसायला लागली. ती सहा वर्षांची होती. अंधारातून तिनं आई, आई अशा हाका मारल्या होत्या, आणि कुठूनही ओ आली नव्हती. तेव्हा ती मोठमोठ्यानं सांगत सुटली होती, ही भिंत आहे, हा खिळा आहे, हा बाबांचा पाय आहे, ही मी आहे. म्हणजे अंधारानं निदान ऐकावं. मग कधीतरी दिवा लागला होता आणि आई दारात उभी राहून म्हणाली होती, मिळेचना बाई. एकोणीस वर्षं ती समजत होती की त्या घरातलं बटण फार अवघड जागी आहे.

"काय चाललंय? अंधार काय करून बसलाय त्या डब्यात?" बाबा आत येऊन मागे उभे राहिले. "अगं, चौकटीपासून डावीकडे बघ. तीन वीत."

"तुम्ही गप्प बसा," आई म्हणाली.

बाबा गप्प बसले. हे घरात पहिल्यांदाच घडत होतं, त्यामुळे कसं बसतात ते त्यांना नीट माहीत नव्हतं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि हात मांडीवर ठेवून काळ्या पडद्याकडे बघू लागले. तिघं तशी चाळीस मिनिटं बसली.

चूक सापडायला दोन मिनिटं लागली. खोलीचं छत, सातही खोल्यांना तिनं सारखंच ठेवलेलं, तीन मीटरवर होतं आणि बटण साडेचार मीटरवर. म्हणजे छताच्या वर, घराबाहेर, जिथे तिनं काहीच बनवलेलं नव्हतं अशा पोकळीत, कशालाही न चिकटता ते व्यवस्थित उभं होतं. बाबांची वही काढली. सहाव्या घरच्या पानावर, बाबांच्या सुबक अक्षरात : जमिनीपासून ४.५. पुढे काही नाही. आधीच्या पाच घरांना सेंटिमीटर लिहिलेलं, सातव्यालाही, आणि या एका पानावर नुसताच आकडा, जो तिनं मीटर धरला होता. "फूट," बाबा पुटपुटले. "आपला टेप सामानात होता. घरमालकाचा घेतला. तो फुटांचा." ते खाली बसले. "एकक लिहिलं नाही. मी." तीस वर्षं त्यांनी लोकांना एवढ्याच कारणासाठी कोर्टात उभं केलं होतं. एका माणसानं तर पायावर डोकं ठेवलं होतं, साहेब, आकडा तर बरोबर आहे ना. बाबांनी तेव्हा त्याला सांगितलं होतं, आकड्याला काय, कुणाच्याही मागे लागतो. "दुरुस्त कर," ते म्हणाले. "एक पूर्णांक सदतीस शतांश मीटर. आत्ता कर, माझ्यासमोर."

तिनं बोटं कळांवर ठेवली. एक आकडा पुसायचा, एक लिहायचा. पलीकडे आई पुन्हा कोट घेऊन बसली होती, सुई वर जात होती, खाली येत होती, आणि ती दुपार इतकी रोजच्यासारखी होती की काही बोललं गेलं होतं यावर विश्वास बसू नये. तिनं तो आकडा तसाच ठेवला. रविवारी पुन्हा उघडला, पुन्हा ठेवला. बटण लावलं तर परीक्षकांना सातवी खोली दिसेल, खेळ पुरा होईल, आणि पुरा झालेला खेळ बघून लोक प्रवेश देतात एवढी अक्कल तिलाही होती. पण लावायचं म्हटलं की वाटायचं, आत जावं लागेल, अंधारात हात पुढे करावा लागेल, आणि हात भिंतीला न लागता दुसऱ्याच कशाला तरी लागेल. सोमवारी सकाळी बाबा जिन्यापर्यंत आले. रात्रभरात ते एका इंचानं कमी झाल्यासारखे दिसत होते, आणि ते त्यांनी मोजलंही असावं. "बिघाड तसाच ठेवून तपासणीला जाणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "विचारलंच तर सांग, टेप घरमालकाचा होता."

मुलाखतीच्या खोलीला चारही भिंती होत्या. हे तिनं आधी तपासलं. टेबलामागे तिघं. गेल्या वर्षीचे टकले गृहस्थ, बारीक केस कापलेल्या एक बाई, आणि एक तरुण परीक्षक जो सारखा पेनाचं टोपण काढत-घालत होता. गृहस्थांनी तिला ओळखलं. ओळखलं हे त्यांच्या खुर्चीनं सांगितलं, ती थोडी मागे सरकली. मग त्यांनी घड्याळ लावलं आणि माउसवर हात ठेवला. ती बसली होती ती खुर्ची तिच्याखालून हळूहळू निघून जातेय आणि आपण नुसत्या बसल्याच्या आकारात हवेत आहोत, असं तिला वाटत राहिलं. गृहस्थांचा हात भित्रा होता. भिंतीला लागला की मागे यायचा. चौथ्या घरात कोटापाशी ते "सॉरी" म्हणाले. तरुण हसला. सहाव्या घरात ते पोचले तेव्हा दोन मिनिटं उरली होती. ओलसर आवाज खोलीभर पसरला. त्यांनी एक भिंत पाहिली, दुसरी पाहिली, परत पहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिची मान ताठ, डोळे समोरच्या टेबलाच्या कडेवर, आतले सगळे शब्द पाण्याखाली. घंटा वाजली.

"आता बोलू शकता तुम्ही," बाई म्हणाल्या.

ती बोलली नाही. बोलायचं होतं, पण तोंड आतून बंद झालं होतं, आणि किल्ली बाहेरच्यांकडे होती.

"बटण कुठे आहे इथलं?" गृहस्थांनी विचारलं.

"छताच्या वर. दीड मीटर."

"का?"

"बाबांनी एकक लिहिलं नव्हतं."

तरुणाचं टोपण थांबलं. "म्हणजे ही चूक आहे? ठरवून केलेलं नाही?"

ठरवून केलंय म्हणायची ही शेवटची संधी होती. गेल्या वर्षी तिनं ती दोन्ही हातांनी घेतली असती, आणि अंधार, शोध, माणसाचं एकटेपण असं पाच मिनिटं, हवी तर दहा.

"चूक आहे."

"कधी कळली?"

"परवा दुपारी."

"दुरुस्तीला किती वेळ लागला असता?"

"अर्धं मिनिट."

"मग?" गृहस्थ पुढे वाकले. रागावलेले नव्हते, खरंच विचारत होते. "का केली नाहीत?"

"आई आत बसली होती," ती म्हणाली.

पुढे काही सांगायला हवं होतं. तिनं शोधून पाहिलं, पण पुढे काही नव्हतं. वाक्य तेवढंच होतं.  मग बारीक केसांच्या बाईंनी खुर्ची ओढली, गृहस्थांना म्हणाल्या, "सरका जरा," आणि माउस घेतला. काळा पडदा, ओली भिंत. त्यांनी बटण शोधलंच नाही. भिंतीवरून एकदाच, वरून खाली, सावकाश हात नेला. "बसायचं कसं?" त्यांनी विचारलं, तिला नव्हे, कुणाला असं नव्हे, आणि कळांवरून बोटं फिरवत एकेक दाबून पाहू लागल्या. ती गप्प राहिली. हे गप्प राहणं आधीच्यासारखं नव्हतं, यात काही दाबून धरलेलं नव्हतं. खालच्या बाणावर बाईंचं बोट थांबलं. आवाज थांबला. गृहस्थांनी हात मांडीवर ठेवले. तरुणानं टोपण घालून पेन बाजूला ठेवलं.

किती वेळ गेला कोण जाणे. दार किलकिलं झालं आणि बाहेरच्या कारकुनानं डोकं आत घातलं. "पुढच्यांना पाठवू का? केव्हाचे उभे आहेत."

"थांबायला सांगा," बाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "आम्ही आत आहोत."